फ्री डिशवर अर्धेच चॅनल यायलेत? डिश हलवू नका, आधी व्ही आणि एच बघा

लक्षणं आधी सांगतो, कारण चॅनल गेले म्हणलं की आपल्याकडं माणूस पहिल्यांदा शिडी शोधतो आणि वर जाऊन डिशला धक्का देतो, आणि मग जो अर्धा टीव्ही चालू होता तोपण बंद करून खाली येतो.

तुमच्याकडं हे असं होत असेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. टीव्ही चालू, चित्र एकदम स्वच्छ, पण काल दिसत होते त्यातले निम्मे चॅनल गायब, तिथं 'नो सिग्नल' लिहून येतं. गायब झालेले चॅनल रिमोटवर एका ओळीत नसतात, मधीमधी गळलेले असतात, म्हणजे एक येतो, पुढचे दोन येत नाहीत, परत तीन येतात. ऊन असो, पाऊस असो, तेच तेच चॅनल जातात. कुणाकडं सकाळी येतात आणि संध्याकाळी जातात. कुणाकडं शेजारच्या खोलीतला टीव्ही लावला की इकडचे जातात. आणि सिग्नलच्या पट्टीवर स्ट्रेंग्थ भरपूर दिसते पण क्वालिटी शून्य.

हे नसेल, म्हणजे सगळेच चॅनल एकदम गेले असतील, तर तो वेगळा प्रकार आहे (वायर तुटली, डिशच्या पुढचं तोंड म्हणजे एलएनबी मेला, वानरांनी डिश फिरवली). जोराच्या पावसात दहा-पंधरा मिनिटं सगळं जाऊन परत येत असेल तर तो फॉल्टच नाही, केयू बँडची (डिशचे चॅनल ज्या पट्ट्यात येतात त्याची) लहर पावसाच्या थेंबात मार खाते, थांबा. आणि मार्चच्या मध्यात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला चार-सहा दिवस सकाळी ११ च्या आसपास काही मिनिटं सगळंच जात असेल तर सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागं आलेला असतो, त्याला कुणी काही करू शकत नाही, मेकॅनिकला फोन करून पैसे घालवू नका.

आता अर्धेच का जातात ते एकदा समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं आहे.

उपग्रहावर प्रत्येक चॅनलसाठी वेगळं यंत्र नसतं. एक ट्रान्सपॉन्डर म्हणजे एक एसटी समजा, तिच्यात दहा-पंधरा-वीस चॅनल बसून येतात, गाडी आली नाही की त्यातले सगळेच येत नाहीत. फ्री डिश ज्या उपग्रहावरून येतं तो जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला उभा आहे, २०१५ च्या नोव्हेंबरात सोडलेला, आपल्यापासून छत्तीस हजार किलोमीटरच्या वर लांब. बॉक्सच्या मेनूत 'टीपी लिस्ट' (टीपी म्हणजे ट्रान्सपॉन्डर) उघडली की अशा ओळी दिसतात: ११०७० व्ही २९५००. पहिला आकडा फ्रिक्वेन्सी, मेगाहर्ट्झमध्ये. शेवटचा सिम्बॉल रेट, म्हणजे माहिती किती वेगानं येते तो, फ्री डिशवर हा २९५०० असतो. आणि मधलं जे एक अक्षर आहे ना, व्ही किंवा एच, ते सगळ्यात छोटं दिसतं पण आपला ९० टक्के विषय त्याच अक्षराचा आहे.

व्ही म्हणजे व्हर्टिकल, उभी लहर. एच म्हणजे हॉरिझॉन्टल, आडवी. उपग्रहावरची जागा मर्यादित, म्हणून त्याच पट्ट्यात एक लहर उभी आणि एक आडवी अशा दोन पाठवतात, दोघी एकमेकीत मिसळत नाहीत आणि तेवढ्याच जागेत दुप्पट चॅनल बसतात. डिशच्या पुढं जे तोंड असतं तो एलएनबी, त्याच्या नळीत आत दोन बारीक पिना काटकोनात बसवलेल्या असतात, एक उभी लहर पकडायला, एक आडवी. पण खाली वायर एकच येते. मग एका वेळी कुठली पिन चालू ठेवायची हे एलएनबीला कळणार कसं? तर बॉक्स त्याच वायरमधून वर करंट पाठवतो. १३ व्होल्ट पाठवले तर उभी, १८ व्होल्ट पाठवले तर आडवी. तुम्ही रिमोटचं बटण दाबून चॅनल बदलता तेव्हा हे १३-१८ आपोआप बदलत असतं, तुम्हाला कळतपण नाही. एलएनबीच्या आत साधारण १५ व्होल्टच्या आसपास ही हद्द असते, त्याच्या खाली सगळं १३ समजायचं आणि वर सगळं १८.

आता डोकं लावा. वायर जुनी झाली, जॉइंटला गंज चढला, अडॅप्टर मरायला टेकला, तर खालून निघालेले १८ व्होल्ट वर पोचेपर्यंत १४-१५ होतात. एलएनबीला वाटतं १३ च मागितलेत. तो उभी पिनच चालू ठेवतो. व्हीचे सगळे चॅनल टकाटक, एचचे सगळे गायब! डिश एक केसभरपण हललेली नसते. डिश हलली असती तर व्ही आणि एच दोन्ही बिघडले असते, हे पक्कं लक्षात ठेवा आणि घरातल्या शिडीवाल्याला ऐकवा.

तर पहिली तपासणी फुकटची आहे, खुर्चीवर बसून करायची. कागद-पेन घ्या. जो चॅनल येत नाही तो लावा आणि रिमोटवरचं इन्फो बटण दाबा, बऱ्याच बॉक्समध्ये दोनदा दाबल्यावर फ्रिक्वेन्सी दिसते. नाही दिसली तर मेनू, इन्स्टॉलेशन किंवा डिश सेटिंग, तिथं टीपी लिस्ट असते. एकेका टीपीवर जाऊन क्वालिटी किती येते ते लिहा. आणि मग त्या कागदाकडं बघा, कारण उत्तर तिथंच असतं:

एच सगळे शून्य, व्ही सगळे ठीक: १८ व्होल्ट वर पोचत नाहीत. सगळ्यात जास्त केसेस याच.
व्ही शून्य, एच ठीक: कुणीतरी दुसरा वर १८ व्होल्ट सोडतोय (दुसरा बॉक्स), नाहीतर एलएनबी किंवा बॉक्स १८ वर अडकलाय.
अक्षराशी संबंध नाही, पण ११५०० च्या पुढचे आकडे कमजोर आणि ११००० च्या आसपासचे ठीक: वायरमध्ये पाणी. याबद्दल खाली.
दोन्हीकडं सगळेच कमी-कमी, कुठं थोडं कुठं शून्य: आता डिश किंवा एलएनबीचा कोन.
फक्त एकच टीपी गेलाय: बहुतेक तुमचा फॉल्टच नाही.

शेवटच्यावर लगेच बोलून टाकतो, त्याची कारणं दोन. फ्री डिशवर चॅनलच्या जागांचा लिलाव होतो आणि एप्रिल लागला की चॅनल इकडचे तिकडं होतात, काही कायमचे जातात. त्या वेळी "माझा चॅनल गेला" म्हणणारे लई फोन येतात. ऑटो स्कॅन करा, जुनी लिस्ट पुसून नवी घ्या, एवढंच. स्कॅन करताना 'ब्लाइंड स्कॅन' असा पर्याय असेल तर तो घ्या, वेळ लागतो पण बॉक्सच्या पोटात जुने आकडे भरलेले असले तरी तो नवे शोधून काढतो. दुसरं, काही चॅनल एमपेग-४ मध्ये (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) असतात आणि जुना एमपेग-२ चा बॉक्स ते दाखवूच शकत नाही. शेजाऱ्याकडं नवा बॉक्स आहे, त्याला जास्त चॅनल येतात आणि तुम्हाला कमी, तर डिशचा दोष नाही, बॉक्सच तेवढा आहे. यासाठी कुणी एलएनबी बदला म्हणत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

दुसरी तपासणी: बॉक्स बंद करायचा, पण रिमोटनं नाही. बोर्डवरचं बटण बंद करून दोन मिनिटं थांबायचं. रिमोटनं बंद केल्यावर बॉक्स झोपतो, आतलं व्होल्टेज बदलणारं सर्किट तसंच राहतं. लाइट गेली-आली, गेली-आली असं दिवसातून सतरा वेळा होणाऱ्या गावात हे सर्किट अडकून बसतं, आणि पूर्ण बंद करून चालू केलं की सुटतं. हे फालतू वाटतं पण करा.

तिसरी, अडॅप्टर. ज्या बॉक्सला बाहेरून १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो त्यांच्यासाठी. बॉक्सला वर १८ पाठवायचे असतात आणि मिळतात १२, म्हणजे तो आत १२ चे १८ बनवतो. अडॅप्टर जुना होऊन १० वर आला की बॉक्स चालू राहतो, चित्र येतं, व्हीचे चॅनल येतात, फक्त १८ बनवायच्या वेळी त्याचा दम निघतो. आणि एचचे चॅनल जातात. शेतातल्या आखाड्यावर लोकं फवारणी पंपाची बॅटरी नाहीतर सोलरची बॅटरी लावून बॉक्स चालवतात, तिथं तर हे ठरलेलं आहे, संध्याकाळी बॅटरी भरलेली असते तेव्हा सगळं दिसतं, रात्री दहा वाजले की अर्धे चॅनल गेले. मग सकाळी लोकं म्हणतात रात्रीचं दव पडतं म्हणून जातंय. दव नाही मामा, बॅटरी उतरती. घरात दुसरा १२ व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा अडॅप्टर असेल (वायफायच्या डबीचा चालतो बऱ्याचदा, पण त्याच्यावर १२ व्होल्ट लिहिलंय का ते वाचा, ९ चा पण असतो, आणि पिनेचं आत प्लस बाहेर मायनस हे चिन्ह जुळतंय का तेपण बघा) तर तो लावून बघा. फरक पडला तर शंभर-दोनशे रुपयांत विषय संपला.

चौथी, मेनूतली सेटिंग. पोरं मेनूत घुसतात, किंवा कुणी फॅक्टरी रीसेट मारलेलं असतं. चार गोष्टी बघायच्या. एलएनबी पॉवर: 'ऑन' किंवा 'ऑटो' किंवा '१३/१८' पाहिजे, नुसतं १३ वर ठेवलं असेल तर एच कधीच येणार नाही, नुसतं १८ वर असेल तर व्ही येणार नाही. एलएनबी टाइप: 'युनिव्हर्सल' किंवा '९७५०/१०६००' पाहिजे. हा आकडा कशासाठी तर एलएनबी वरून आलेल्या मोठ्या फ्रिक्वेन्सीतून ९७५० वजा करून खाली पाठवतो, म्हणजे ११०७० चे १३२० होतात, कारण एवढी मोठी फ्रिक्वेन्सी साध्या वायरमधून खाली येऊच शकत नाही, भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच मरेल. बॉक्सला ९५० ते २१५० एवढंच ऐकू येतं. आता सेटिंगमध्ये कुणी एकटा १०६०० टाकला तर बॉक्स ११०७० वजा १०६०० करून ४७० वर शोधत बसतो, तिथं काहीच नसतं. पण तेव्हा सगळेच चॅनल जातात, अर्धे नाही, म्हणून ही सेटिंग आपल्या लक्षणात क्वचित बसते, तरी बघून घ्या. २२ केचा टोन: 'ऑटो'. ११७०० च्या वरच्या फ्रिक्वेन्सीसाठी एलएनबीला १०६०० वर न्यायला हा टोन लागतो, फ्री डिशचे आकडे ११७०० च्या खालीच आहेत, तेव्हा तो जबरदस्तीनं 'ऑन' करून ठेवला तर उलट नुकसान. आणि डायसेक (एकापेक्षा जास्त डिश जोडायच्या स्विचची सेटिंग): एकच डिश असेल तर 'बंद'. मधी चार तोंडाचा स्विच असेल तर वायर ज्या नंबरात आहे तोच नंबर.

इथपर्यंत एक रुपया खर्च नाही आणि घराच्या बाहेर पाऊल नाही. पाचवी तपासणीपण तशी फुकटची आहे पण तिच्यात भांडण व्हायची शक्यता जास्त.

एका डिशवर दोन टीव्ही. भावाभावांचं वाटप झालं, मधी भिंत आली, चूल वेगळी झाली, पण माळवदावरची डिश एकच राहिली आणि वायरला साधा स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालू केले. बरोबर? आता इकडच्या घरात कुणी व्हीचा चॅनल बघतंय, बॉक्स १३ पाठवतोय. तिकडच्या घरात पोरानं एचवरचा चॅनल लावला, त्याच्या बॉक्सनं १८ पाठवले. एकाच एलएनबीवर दोन हुकूम. तिथं मोठा आकडा जिंकतो. एलएनबी एचवर जातो आणि इकडचा चालू असलेला चॅनल टपकन बंद. इकडच्यांना वाटतं तिकडच्यांनी मुद्दाम वायर काढली! आणि काही स्प्लिटरमध्ये करंट एकाच बाजूनं वर जातो, मग दुसऱ्या घराला कायम पहिल्या घराच्या मर्जीवर राहावं लागतं, पहिल्यानं टीव्ही पूर्ण बंद केला की दुसऱ्याचा सगळाच गेला.

तपासायचं कसं, दुसऱ्या बॉक्सची वायर त्या बॉक्सच्या मागून काढा (बंद करणं पुरत नाही, झोपलेला बॉक्सपण बऱ्याच वेळा करंट सोडतो) आणि स्प्लिटर मधून काढून सरळ वायर जोडा. सगळे चॅनल आले? मग डिश, एलएनबी, बॉक्स सगळं ठणठणीत आहे. यावर उपाय स्प्लिटर बदलणं नाही, कितीही भारीतला घेतला तरी हेच होणार. दोन तोंडाचा ट्विन एलएनबी आणायचा, त्यातून दोन वेगळ्या वायरी दोन घरात न्यायच्या. आत दोन वेगळी सर्किटं असतात, ज्याचा हुकूम त्याच्यापुरता. एलएनबीचा खर्च काही शेकड्यांत आहे, वायरचा लांबीप्रमाणं, आणि तो दोन्ही भावांनी निम्मा-निम्मा करावा असं माझं मत आहे पण त्यात मी पडत नाही.

सहावी तपासणी, जॉइंट. इथं बहुतेक लोकांचा फॉल्ट सापडतो, म्हणून जरा वेळ देऊन करा. आधी बॉक्सचा प्लग भिंतीतून काढा. कारण वायरमध्ये करंट असतो आणि मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली तर शॉर्ट होतं, चांगला बॉक्स याला 'एलएनबी शॉर्ट' असा मेसेज देऊन गप्प बसतो, स्वस्तातला जळतो.

बॉक्सच्या मागचा एफ कनेक्टर काढा. मधली तार चकचकीत पाहिजे आणि कनेक्टरच्या कडेपासून थोडीशीच पुढं आलेली पाहिजे, काळी किंवा हिरवी पडली असेल तर तिथंच व्होल्ट जातायत. बाहेरच्या जाळीचा एक केसपण मधल्या तारेला लागता कामा नये. इंचभर वायर कापा, नवीन सोला, नवा कनेक्टर लावा, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. पिरगाळून बसवायच्या कनेक्टरपेक्षा दाबून बसवायचा चांगला, पण त्याला वेगळी पकड लागते.

मग वायरच्या मार्गानं चालत जा. मधी कुठं दोन वायरी पिळून वर चिकटपट्टी मारलेली असेल, (असतेच), तर तोच तुमचा चोर समजा. नुसत्या लांब वायरमुळं व्होल्टेज एवढं पडत नाही, पन्नास मीटर बरी आरजी-६ वायर असेल तर एखादा व्होल्ट जाईल फार तर, त्यानं एलएनबी हद्दीच्या खाली येत नाही. खरं नुकसान पिळलेल्या आणि गंजलेल्या जॉइंटला होतं. उन्हाळ्यात आपल्याकडं ४२-४३ तापमान, चिकटपट्टी वितळून उघडते, मग वळवाचा पाऊस त्यात जातो, मग परत ऊन, एका सालात आत हिरवं पीठ तयार. जॉइंट टाळताच येत नसेल तर दोन एफ कनेक्टर आणि मधी जोडणारा बॅरल वापरा आणि सगळं रबर टेपनं गुंडाळा.

ते मघाशी ११५०० च्या पुढचे आकडे म्हणलो होतो ना, ते इथं. वायरच्या आत पाणी शिरलं की मोठी फ्रिक्वेन्सी आधी मरते. १०९९० चा टीपी वायरमधून १२४० होऊन येतो आणि ११५७० चा १८२० होऊन, तेव्हा ओल्या वायरमध्ये १८२० वाला आधी गळतो, मग तो व्ही असो का एच. वायर कापल्यावर पांढरा फेस तपकिरी किंवा ओला दिसला तर ती वायर वाळवून उपयोग नाही, बदला. अजून एक गंमत, मोबाइलचे टॉवर १८०० च्या पट्ट्यात जे पाठवतात ते साधारण १८०५ ते १८८० मध्ये असतं. घराला लागून टॉवर उभा राहिला आणि कनेक्टर ढिला असला तर ते वायरमध्ये घुसून बरोबर त्याच टीपीवर बसतं. उपाय तोच, कनेक्टर घट्ट आणि वायर चांगल्या जाळीची. टॉवरविरुद्ध ग्रामसभेत ठराव घ्यायची गरज नाही.

आता वर चढायची वेळ. इथं एक ओळ आखून घ्या. पत्र्याचं छप्पर असेल, जुनं माळवद असेल ज्याच्यात पाय पडला की माती सांडते, डिशच्या हाताच्या अंतरावरून विजेची लाइन जात असेल, आभाळ आलेलं असेल, किंवा वर जायला धड जिना नसून शिडी टेकवावी लागत असेल, तर इथंच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. लोखंडी पाइप हातात घेऊन लाइनखाली उभं राहणारी माणसं बघितली की माझे हातपाय गार पडतात. टीव्ही उद्या बघता येतो. स्लॅब असेल, कठडा असेल, ऊन पडलेलं असेल तर चला.

एलएनबीजवळचा कनेक्टर खालच्यासारखाच तपासा. हा कनेक्टर जमिनीकडं तोंड करून असतो, वायर तिथून जरा खाली लोंबती सोडून मग दांडीला बांधायची म्हणजे पाणी ओघळून पडतं, सरळ ताणून बांधली की पाणी वायरीवरून आत जातं. एलएनबीच्या पुढची प्लास्टिकची टोपी फुटली आहे का बघा, उन्हानं ती कडक होऊन तडकते, आत गांधीलमाशीचं मातीचं घर पण सापडतं. टोपी फुटून पाणी आत गेलेलं असेल तर एलएनबी दुरुस्त होत नाही, नवीन घ्या.

मल्टीमीटर असेल (असावा, दोन-तीनशेत मिळतो) तर हे माप घेतल्याशिवाय नवीन काही विकत घेऊ नका. मीटर डीसी २०० व्होल्टवर ठेवा. खाली घरातल्या माणसाला एचचा चॅनल लावायला सांगा. आधी बॉक्सच्या मागं बघा: वायर काढून, मीटरची लाल काडी मधल्या छिद्रात, काळी बाहेरच्या पितळेला. १७ ते १९ मध्ये काहीतरी आलं पाहिजे. व्हीचा चॅनल लावला की १३-१४. चॅनल बदलूनपण आकडा बदलत नाही किंवा १८ च्या जागी १४-१५ च येतात, तर दोष बॉक्समध्ये किंवा अडॅप्टरमध्ये, वर जायची गरजच नव्हती. खाली १८ बरोबर असेल तर वर डिशपाशी वायरचं टोक मोजा. पण एक लक्षात ठेवा, एलएनबी जोडलेला नसताना वायर खराब असली तरी मीटर १८ दाखवतो, कारण करंट वाहतच नसतो. खरं माप एलएनबी जोडून घ्यावं लागतं, त्यासाठी तो जोडणारा छोटा टी मिळतो, नाहीतर कनेक्टर अर्धा बाहेर ठेवून मधल्या तारेला काडी टेकवावी लागते आणि तिथं शॉर्ट व्हायची भीती आहे. हात थरथरत असेल तर ते करू नका, त्यापेक्षा एक लहान चांगली वायर आणा, बॉक्स आणि टीव्ही वर नेता येत असेल तर डिशशेजारीच दोन मीटरच्या वायरवर लावून बघा. सगळे चॅनल आले म्हणजे वायर दोषी. नाही आले म्हणजे एलएनबी किंवा बॉक्स. मग शेजाऱ्याचा बॉक्स तासभर मागून आणा आणि तो लावून बघा, दोघातला कोण ते लगेच कळतं.

एलएनबी बदलताना एक गोष्ट सगळे विसरतात. जुना एलएनबी काढायच्या आधी तो पकडीत किती फिरवून बसवलाय त्यावर मार्करनं खूण करा किंवा मोबाइलवर फोटो काढा. कारण आतल्या दोन पिना उभ्या-आडव्या आहेत, तुम्ही एलएनबी फिरवला की पिनापण फिरतात. उपग्रह आपल्याकडून बरोबर दक्षिणेला नाही, लातूर-नांदेड-संभाजीनगर कुठूनपण बघितलं तरी तो आग्नेयेला आहे, त्यामुळं त्याची 'उभी' लहर आपल्या अंगणातल्या उभ्याशी जुळत नाही, तिरकी येते. म्हणून एलएनबीपण तिरका बसवावा लागतो. थोडा चुकला तर व्हीच्या पिनेत एचची लहर घुसते आणि दोन्हीची क्वालिटी पडते. अर्ध्या काटकोनात फिरला तर लई गोंधळ, आणि पूर्ण काटकोनात फिरला तर व्हीच्या जागी एच आणि एचच्या जागी व्ही, बॉक्सला काहीच ओळखू येत नाही. नवीन बसवल्यावर खालच्या माणसाला एखाद्या कमजोर टीपीची क्वालिटी मोठ्यानं वाचायला सांगा, फोन स्पीकरवर टाका, आणि एलएनबी नखभर-नखभर फिरवत जा, प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद थांबून. व्हीवर सगळ्यात चांगली मिळाली की एचवर तपासा. स्ट्रेंग्थकडं बघूच नका, ती नुसता गोंगाट पण मोजते.

आणि सगळ्यात शेवटी डिश. वर सगळं बरोबर असूनही व्ही आणि एच दोन्ही कमजोर असतील तरच. आपल्या भागात ही डिश आग्नेयेला आणि आभाळात साधारण ६० अंश वर बघते, पण ताटली पाहिली तर ती तेवढी वर बघताना दिसत नाही, कारण ऑफसेट डिशचं तोंड वीस-पंचवीस अंशांनी खाली वाकलेलं असतं. तेव्हा "समोर तर काही नाही" म्हणताना नजर वर न्या. डिशपासून दहा फुटांवर लिंब असेल आणि तो डिशपेक्षा सतरा-अठरा फूट उंच गेला असेल तर तो आडवा आला. खात्री करायची झाली तर मघाशी सांगितलेले मार्च-ऑक्टोबरचे दिवस उपयोगी पडतात, सकाळी ११ च्या आसपास सूर्य उपग्रहाच्या जागेवर असतो, त्या वेळी झाडाची सावली डिशवर पडली तर झाड दोषी, ऊन पडलं तर झाडाला उगीच कुऱ्हाड लावू नका. माळवदावर दगड ठेवून बसवलेली डिश वानरांनी सरकवली असेल तर ती परत नुसत्या हातानं लावायला जाऊ नका, एका अंशाची चूकपण चालत नाही, मीटरवाला मेकॅनिक पंधरा मिनिटांत करतो.

बॉक्स उघडायचा नाही. हे वेगळं सांगतो कारण यूट्यूब बघून लोकं उघडतात. ज्या बॉक्सची वायर सरळ २३० च्या बोर्डात जाते त्याच्या आतल्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरपण ते काही वेळ राहतात. मागं १८ येत नाही हे मीटरवर दिसलं की तुमचं काम संपलं. दुकानात द्या.

मेकॅनिकला फोन करताना "टीव्ही बिघडलाय" असं नका सांगू. असं सांगा: एचचे सगळे टीपी शून्य, व्हीचे ठीक, ११०७० व्हीवर क्वालिटी एवढी, बॉक्सच्या मागं एचवर एवढे व्होल्ट, अडॅप्टर बदलून बघितला, दुसरा बॉक्स जोडलेला नाही. एवढं ऐकल्यावर तो कनेक्टर आणि वायर घेऊनच येईल, आणि डिशपासून एलएनबीपर्यंत अख्खा सेट बदलायचं बिल तुमच्या हातात द्यायची त्याची हिंमत होणार नाही.